टक्केवाली लिंक उलगडायची कशी: पायथॉनमध्ये यूआरएल डिकोड, अगदी पहिल्यापासून

मराठी विकिपीडियावरचं पुण्याचं पान उघडा, ब्राउझरच्या वरच्या पट्टीत शेवटी सरळ "पुणे" लिहिलेलं दिसेल. तीच लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाका, की "पुणे" गायब आणि त्याच्या जागी ही माळ:

%ई0%ए4%एए%ई0%ए5%81%ई0%ए4%ए3%ई0%ए5%87

ग्रुपवर कोणीतरी लगेच विचारतो की हा व्हायरस आहे का. व्हायरस वगैरे काही नाहीये, तो "पुणे" हाच शब्द आहे, फक्त प्रवासाच्या कपड्यात. याला यूआरएल एन्कोडिंग किंवा पर्सेंट एन्कोडिंग म्हणतात आणि ते उलटं फिरवायला पायथॉनमध्ये एक ओळ लागते. मग एवढा लेख कशाला, तर ती एक ओळ सगळ्यांना सापडते पण ती कुठे लावायची आणि किती वेळा लावायची इथेच नवीन माणूस अडकतो, आणि गंमत म्हणजे चुकलं तरी एरर येत नाही, डेटा गुपचूप बिघडतो.

प्रिंट, फॉर लूप आणि फंक्शन कसं बोलवायचं एवढं येत असेल तर पुरे. कॉम्प्युटरवर पायथॉन नसेल तर गूगल कोलॅब उघडा, मोबाईलच्या ब्राउझरमध्येही चालतं. आणि हो, खालचा कोड मी वाचायला सोपा जावा म्हणून उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलाय, टाइप करताना पायथॉनचे शब्द नेहमीच्या इंग्लिश स्पेलिंगनेच टाइप करायचे, आणि टक्क्यानंतरचे ए, बी, सी, डी, ई, एफ म्हणजे इंग्लिश अक्षरंच. व्हेरिएबलची नावं मात्र खरंच मराठीत ठेवली तरी चालतात, पायथॉन ३ ला त्याचं काही वाटत नाही.

पायरी १: टक्का म्हणजे काय ते एकदा हाताने करून बघा

यूआरएलमध्ये, म्हणजे लिंकमध्ये, वाट्टेल ते चिन्ह घालता येत नाही. टिम बर्नर्स-ली आणि मंडळींनी १९९४ मध्ये आरएफसी १७३८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा कागद) लिहून नियम घातले, आता चालतं ते २००५ सालचं आरएफसी ३९८६. त्यात बिनधास्त वापरता येतील अशी चिन्हं फक्त ६६ आहेत: इंग्लिश लहान-मोठी अक्षरं, दहा आकडे, आणि डॅश, टिंब, अंडरस्कोर, टिल्ड. स्लॅश, प्रश्नचिन्ह, &, =, + अशी १८ चिन्हं राखीव, त्यांना लिंकमध्ये ठरलेलं काम आहे. बाकी जे काही असेल, म्हणजे स्पेस असो, मराठी असो की ₹ असो, त्याचे बाइट काढायचे आणि प्रत्येक बाइट % आणि दोन हेक्स अंकांत (हेक्स म्हणजे सोळाच्या पटीची मोजणी, 0 ते 9 आणि पुढे ए ते एफ) लिहायचा.

स्पेसचं %20 होतं कारण हेक्स 20 म्हणजे २ गुणिले १६ अधिक ०, बरोबर ३२, आणि आस्की तक्त्यात, म्हणजे इंग्लिश अक्षरांना नंबर देणाऱ्या जुन्या तक्त्यात, ३२ नंबरला स्पेस आहे. एवढं सगळ्यांना पटकन कळतं.

मराठीची गंमत पुढे आहे. "म" हे एक अक्षर यूटीएफ-8 मध्ये (अक्षरांचे बाइट करायची नेहमीची पद्धत) तीन बाइटचं आहे, ई0 ए4 एई. हे तीन बाइट बायनरीत लिहून बघा:

11100000 10100100 10101110

पहिल्या बाइटच्या सुरुवातीचे 1110 हे फक्त "मी तीन बाइटचा आहे" असं सांगायला, पुढच्या दोघांच्या सुरुवातीचे 10 हे "आम्ही त्याच्यामागचे" असं सांगायला. ते काढून टाका, उरलं ते जोडा: 0000 100100 101110. ही संख्या दशमानात २३५०, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, २३५० नंबरचं अक्षर म्हणजे आपला म. एकदा कागदावर हे करून बघाच, पाच मिनिटं जातात पण पुढे जेव्हा कचरा दिसतो ना तेव्हा तो कचरा कुठून आला ते आपोआप कळतं.

आणि एक फुकटचा फायदा. अख्खी देवनागरी ई0 ए4 किंवा ई0 ए5 ने सुरू होते, म्हणून लिंकमध्ये %ई0%ए4 आणि %ई0%ए5 ची रांग दिसली की डिकोड न करताही सांगता येतं, आत मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी असलं काहीतरी आहे. ई0 नंतर एए किंवा एबी दिसलं तर गुजराती, बी2 किंवा बी3 दिसलं तर कन्नड. सर्व्हरचे लॉग वाचताना ही नजर फार कामाला येते.

लिंक लांबते ती पण याचमुळे. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं आणि प्रत्येकाची नऊ चिन्हं होतात, म्हणजे "पुणे" ची ३६ आणि "महाराष्ट्र" ची तब्बल ९०. शंभर-दीडशे अक्षरांची मर्यादा असलेल्या कॉलममध्ये लोक अशा लिंका कोंबतात आणि मग शेपूट तुटतं, त्यावर खाली येऊच.

पायरी २: ती एक ओळ

फ्रॉम अर्ललिब.पार्स इंपोर्ट अनकोट
लिंक = इनपुट("लिंक पेस्ट करा: ")
प्रिंट(अनकोट(लिंक))

चालवा, वरची माळ पेस्ट करा, "पुणे" येईल. काहीही इन्स्टॉल करायचं नाही, अर्ललिब पायथॉनसोबतच येतं.

लिंक थेट कमांडमध्ये न लिहिता इनपुटने घ्यायला सांगतोय त्याला कारण आहे. टर्मिनलमध्ये & ला वेगळा अर्थ आहे, कोट्समध्ये घातलं नाही तर लिंक तिथेच अर्धी होते, आणि विंडोजच्या बॅच फाईलमध्ये तर % हेच खास चिन्ह असल्यामुळे ते दोनदा लिहावं लागतं. इनपुटने घेतलं की हे सगळे झगडे संपले.

नेटवर शोधलं तर जुनी उत्तरं सापडतात ज्यात अर्ललिबमधून थेट अनकोट घेतलेलं असतं, मध्ये पार्स नसतं. ते पायथॉन २ चं आहे, त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, ते कॉपी केलं तर पायथॉन ३ एरर देणार. त्याहून वाईट तोडगा म्हणजे रिप्लेस वापरून %20 च्या जागी स्पेस, %2सी च्या जागी स्वल्पविराम, अशी यादीच लिहून काढणं. हे असलं कुठे दिसलं तर सरळ पुसून टाका. आणि तिसरा प्रकार, जो दिसायला हुशार वाटतो: प्रत्येक % नंतरचे दोन अंक घ्यायचे, इंटने आकडा करायचा, सीएचआरने अक्षर करायचं. इंग्लिशवर हे मस्त चालतं म्हणून लिहिणारा खूश असतो, मराठी आलं की ई0, ए4, एई ची तीन वेगवेगळी अक्षरं होतात, कारण बाइट आणि अक्षर एकच असं त्याने धरून चाललेलं असतं. वर कागदावर केलेलं गणित आठवा.

पायरी ३: अधिकचं चिन्ह, सगळ्यात जास्त डोकेदुखी

स्पेस लिहायच्या दोन पद्धती आहेत. एक %20, आणि दुसरी +. ही दुसरी वेब फॉर्ममधून आली, फॉर्म सबमिट केला की ब्राउझर स्पेसच्या जागी + टाकतो. साधं अनकोट + ला हात लावत नाही, म्हणून "वडा+पाव" तसंच राहतं. त्यासाठी अनकोट_प्लस आहे.

मग नवीन माणूस काय करतो, अनकोट करतो आणि निकालावर रिप्लेस लावून + च्या जागी स्पेस करतो. बघा काय होतं. समजा मजकूर असा आहे:

सी%2बी%2बी+क्लास

%2बी म्हणजे खरा अधिक. अनकोट_प्लस आधी उघडा + बदलून स्पेस करतं आणि मग टक्के उलगडतं, म्हणून उत्तर येतं "सी++ क्लास". आपला जुगाड आधी टक्के उलगडतो, तेव्हा खरे आणि खोटे अधिक एकसारखे दिसायला लागतात, मग सगळ्यांची स्पेस होते, आणि राहतं "सी", तीन स्पेस, "क्लास". क्रम उलटला की माहिती गेली, ती परत मिळत नाही.

याची उलटी बाजू मोबाईल नंबर. कोणीतरी लिंकमध्ये फोन=+91 असं एन्कोड न करता लिहितं, डिकोड झाल्यावर + ची स्पेस होते आणि नंबर " 91" ने सुरू होतो, मग एसएमएस जात नाहीत आणि सगळे गेटवेला शिव्या घालत बसतात. दोष पाठवणाऱ्याकडचा असतो, तिथे %2बी91 हवं होतं.

मग वापरायचं कुठलं? प्रश्नचिन्हाच्या आधीचा भाग म्हणजे पाथ, तिथे अनकोट, कारण पाथमध्ये + म्हणजे + च. प्रश्नचिन्हानंतरचा भाग म्हणजे क्वेरी, तिथे अनकोट_प्लस. खरं तर क्वेरीला दोन्ही वापरू नका, का ते पुढच्या पायरीत. दुसऱ्या भाषेत काम करत असाल तर हाच फरक तिथेही आहे, पीएचपीत अर्लडिकोड + बदलतं, रॉअर्लडिकोड बदलत नाही. जावाचं यूआरएलडिकोडर बदलतं. जावास्क्रिप्टचं डिकोडयूआरआयकॉम्पोनंट बदलत नाही.

पायरी ४: आधी तोडा, मग उलगडा

इथे जरा सावकाश चला, अख्ख्या लेखात मला सांगायचंय ते हेच आहे.

दुकानात गल्ल्यापाशी जो यूपीआयचा क्यूआर कोड असतो ना, त्यात आत एक लिंकच असते. पीए म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी, पीएन म्हणजे त्याचं नाव, एएम म्हणजे रक्कम, सीयू म्हणजे चलन, टीएन म्हणजे नोट. एक बनवलेलं उदाहरण:

यूपीआय://पे?पीए=दुकान@बँक&पीएन=वडापाव%20सेंटर&एएम=40&सीयू=आयएनआर&टीएन=चहा%20%26%20वडापाव

शेवटी नोट आहे "चहा & वडापाव". त्यातलं & हे मजकुरातलं आहे म्हणून ते %26 करून पाठवलंय, आणि बाकीची & ही भाग वेगळे करणारी. आता कोणी आधी अख्ख्या लिंकवर अनकोट मारलं आणि मग & वर तोडलं तर काय होईल? डिकोड झाल्यावर सगळी & सारखीच. नोटचे दोन तुकडे होतात, टीएन मध्ये उरतं "चहा " आणि " वडापाव" हा एक अनाथ तुकडा, ज्याला = नाही. पायथॉनचं पार्स_क्यूएस असा तुकडा न बोलता फेकून देतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, वडापाव गेला.

आणि हे नुसतं वडापाववर भागत नाही. समजा नोटमध्ये कोणी मुद्दाम %26एएम=1 असं घातलं. आधी डिकोड केलंत तर लिंकमध्ये अचानक दुसरी रक्कम तयार होते, आता एएम मध्ये 40 पण आहे आणि 1 पण, आणि तुमच्या प्रोग्रॅमने शेवटची किंमत उचलली तर चाळीसचा चहा एक रुपयात. म्हणजे एका ओळीचा क्रम चुकला तर सिक्युरिटीचं भोक. तीन कप्प्यांचा डबा उघडताना आपण आधी कप्पे सुटे करतो आणि मग एकेक झाकण काढतो, इथे पण तेच.

बरोबर पद्धत अशी:

फ्रॉम अर्ललिब.पार्स इंपोर्ट अर्लस्प्लिट, पार्स_क्यूएस
भाग = अर्लस्प्लिट(लिंक)
माहिती = पार्स_क्यूएस(भाग.क्वेरी, कीप_ब्लँक_व्हॅल्यूज=ट्रू)
प्रिंट(माहिती["टीएन"])

अर्लस्प्लिट लिंकचे तुकडे करतं पण काही उलगडत नाही. पार्स_क्यूएस आधी & वर तोडतं, मग = वर, मग प्रत्येक तुकड्यातली + ची स्पेस करतं आणि शेवटी टक्के उलगडतं. म्हणजे तुम्हाला हाताने अनकोट करायची गरजच राहत नाही, म्हणून वर म्हटलं की क्वेरीला दोन्ही वापरू नका.

दोन गोष्टी इथे नवीन लोकांना खटकतात. एक, उत्तर यादीत येतं, म्हणजे ["चहा & वडापाव"], नुसती स्ट्रिंग नाही, कारण एकच नाव लिंकमध्ये दोनदा येऊ शकतं. सरळ [0] लावून मोकळे होऊ नका, आधी यादीची लांबी तपासा, रक्कम दोनदा आली असेल तर लिंकच नाकारा. दोन, कीप_ब्लँक_व्हॅल्यूज लिहिलं नाही तर रिकामी किंमत असलेलं नाव गायब होतं, "एएम=" असं आलं तर एएम डिक्शनरीत नसतंच आणि तुम्ही कीएररचं कारण भलतीकडेच शोधत बसता.

पाथचंही तसंच. आधी स्लॅशवर तोडा, मग प्रत्येक तुकड्याला अनकोट, कारण तुकड्याच्या आत %2एफ असू शकतं आणि ते उलगडलं की नवीन स्लॅश.

जाता जाता, रक्कम कोणी देवनागरी आकड्यांत ४० अशी पाठवली तर काय, असा प्रश्न पडला असेल तर पायथॉनचं इंट आणि फ्लोट दोन्ही देवनागरी आकडे समजतात, ४० चं 40 होतं. छान आहे, पण पुढे डेटाबेसला ती स्ट्रिंग तशीच दिली तर तो समजेलच असं नाही.

पायरी ५: एकदाच

कधीकधी डिकोड करूनही टक्के उरतात. %2520 दिसलं तर समजायचं की कोणीतरी दोनदा एन्कोड केलंय: स्पेसचं %20 झालं, मग दुसऱ्याने % चं %25 केलं. जाहिरातींच्या ट्रॅकिंग लिंकांत हे सर्रास, कारण एका लिंकच्या पोटात दुसरी लिंक असते आणि तिथे ते बरोबरही असतं.

मोह असा होतो की व्हाइल लूप लावू आणि टक्का संपेपर्यंत डिकोड करत राहू. नका करू. एक तर "%25" हा खराखुरा मजकूर असू शकतो, "20%25 सूट" डिकोड होऊन "20% सूट" झालं की काम संपलं, त्यापुढे प्रत्येक डिकोड हा जुगार आहे. दुसरं कारण इतिहासात आहे. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमध्ये अशीच गडबड होती, सर्व्हर लिंक डिकोड करायचा, मग ती सुरक्षित आहे का ते तपासायचा, आणि तपासून झाल्यावर पुन्हा एकदा डिकोड करायचा. हल्लेखोर दोनदा एन्कोड केलेला स्लॅश पाठवायचे, तपासणीत तो निरुपद्रवी दिसायचा आणि दुसऱ्या डिकोडनंतर खरा स्लॅश व्हायचा, मग दोन टिंबं-स्लॅश करत सर्व्हरच्या वरच्या फोल्डरमध्ये शिरकाव. मे २००१ मध्ये त्याचा पॅच आला, तरी सप्टेंबर २००१ मधला निमडा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) असल्याच भोकांतून पसरला, कारण पॅच कित्येकांनी लावलाच नव्हता.

म्हणून नियम असा: डिकोड एकदा, तपासणी त्यानंतर, आणि तपासणीनंतर पुन्हा डिकोड नाही. लिंकच्या पोटात लिंक असेल तर बाहेरची पार्स_क्यूएसने सोडवा, आतली हातात आली की तिला नवीन लिंक समजून पुन्हा अर्लस्प्लिटपासून सुरू करा. फ्लास्क किंवा जँगो (पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायची साधनं) वापरत असाल तर रिक्वेस्टमधून मिळणाऱ्या किंमती आधीच डिकोड झालेल्या असतात, त्यावर परत अनकोट लावणं हीच दुसरी वेळ.

पायरी ६: कचरा आला तर

चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसलं (�) तर बाइट अर्धवट आहेत. बहुतेक वेळा लिंक मध्येच तुटलेली असते, तीनातले दोनच बाइट आले, म असायला हवा होता तिथे %ई0%ए4 वरच संपलं. अनकोट डीफॉल्टने अशा जागी � टाकून पुढे जातं. शिकताना ठीक आहे, पण खऱ्या डेटावर एरर्स="स्ट्रिक्ट" द्या, मग तुटलेल्या लिंकवर युनिकोडडिकोडएरर येईल आणि बिघाड तिथल्या तिथे पकडला जाईल. हेक्सचा एकच अंक उरला, किंवा नुसतं "100%" असं आलं, तर मात्र अनकोट ते तसंच ठेवतं, स्ट्रिक्टमध्येसुद्धा. जावास्क्रिप्ट अशा वेळी यूआरआयएरर फेकतं, त्यामुळे एकच लिंक ब्राउझरमध्ये फुटते आणि पायथॉनमध्ये चालते, गोंधळू नका.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्लिश ए, मग ¤, मग ® असली नक्षी दिसली तर बाइट पूर्ण आहेत पण ते कोणीतरी लॅटिन-1 (एका बाइटला एक अक्षर धरणारा जुना तक्ता) समजून वाचलेत. नक्षीचं पहिलं चिन्ह म्हणजे ई0, दुसरं ए4, तिसरं एई, बघा, म च आहे तो. परत आणायला:

नीट = बिघडलेला.एन्कोड("लॅटिन-1").डिकोड("यूटीएफ-8")

हे चाललं तर नशीब. वाचणाऱ्याने विंडोज-1252 हा तसलाच दुसरा तक्ता वापरला असेल तर मराठीचा खास घात होतो, कारण त्या तक्त्यात 81 आणि 8डी या जागांवर अक्षरच नाही, आणि आपल्या ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट 81, हलन्ताचा 8डी. काही प्रोग्रॅम असे बाइट टाकून देतात. म्हणजे सगळे उकार आणि सगळी जोडाक्षरं मेली, ती कुठल्याच ओळीने परत येत नाहीत, मूळ लिंकच पुन्हा मागवा.

%यू092ई असं, टक्क्यानंतर यू असलेलं काही आलं तर ते जावास्क्रिप्टच्या जुन्या एस्केप फंक्शनचं आहे, प्रमाण पद्धत नाही, अनकोट त्याला हात लावणार नाही. &एएमपी; दिसलं तर ते एचटीएमएलचं, त्याला एचटीएमएल मॉड्यूलमधलं अनएस्केप. आणि डोमेनच्या नावातच एक्सएन-- असं दिसलं, तर ते पुनीकोड, म्हणजे डोमेनचं नाव इंग्लिश अक्षरांत लिहायची वेगळी पद्धत, टक्क्यांशी त्याचा संबंध नाही. २०१४ पासून मिळणारी ".भारत" वाली नावं आतून अशीच लिहिली जातात. यातलं कुठलंच अनकोटने सुटत नाही, म्हणून आधी डोळ्याने ओळखा आणि मग हत्यार काढा.

पायरी ७: अख्खी फाईल एकदम

एक्सेलमध्ये एन्कोडयूआरएल आहे पण उलटं फंक्शन नाही, त्यामुळे ऑफिसात कोणी पाच हजार लिंकांची शीट दिली की ती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाईल) करून घ्या आणि:

इंपोर्ट सीएसव्ही
फ्रॉम अर्ललिब.पार्स इंपोर्ट अर्लस्प्लिट, पार्स_क्यूएसएल
आत = ओपन("लिंका.सीएसव्ही", एन्कोडिंग="यूटीएफ-8-सिग", न्यूलाइन="")
बाहेर = ओपन("उत्तर.सीएसव्ही", "डब्ल्यू", एन्कोडिंग="यूटीएफ-8-सिग", न्यूलाइन="")
विथ आत, बाहेर:
    लेखनिक = सीएसव्ही.रायटर(बाहेर)
    फॉर ओळ इन सीएसव्ही.रीडर(आत):
        इफ नॉट ओळ:
            कंटिन्यू
        क्वेरी = अर्लस्प्लिट(ओळ[0]).क्वेरी
        फॉर नाव, किंमत इन पार्स_क्यूएसएल(क्वेरी, कीप_ब्लँक_व्हॅल्यूज=ट्रू):
            लेखनिक.रायटरो([ओळ[0], नाव, किंमत])

पार्स_क्यूएसएल हे पार्स_क्यूएसचंच भावंड, फक्त जोड्यांची यादी देतं, क्रम टिकतो. सिग लिहिलंय ते विसरू नका, त्याने फाईलच्या सुरुवातीला एक छोटी खूण बसते आणि एक्सेलला कळतं की आत यूटीएफ-8 आहे, नाहीतर डबल क्लिक केल्यावर वरची तिरक्या रेघेची नक्षी पुन्हा दर्शन देते. मूळ लिंक पहिल्या कॉलममध्ये ठेवलीये ती पण मुद्दाम, उद्या कोणी भांडायला आलं तर पुरावा हवा. आणि लिंका बाहेरच्या लोकांकडून आलेल्या असतील तर =, +, -, @ ने सुरू होणाऱ्या किंमतींकडे लक्ष ठेवा, एक्सेल त्यांना फॉर्म्युला समजतं.

आता जुळवाजुळव. डिकोड केलेली गावांची नावं तुमच्या यादीशी ताडून बघता आणि "मोऱ्याची वाडी" सापडत नाही, दोन्हीकडे डोळ्यांना तेच दिसतंय तरी. हा त्रास मराठीलाच जास्त, कारण आपला तो चंद्रकोरीसारखा अर्धा ऱ् दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त टाकतात, काही साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात, झीरो विड्थ जॉइनर. एन्कोड केलेल्या लिंकमध्ये मात्र हे भूत उघडं पडतं, पहिल्या प्रकारात %ई0%ए4%बी1 दिसेल आणि दुसऱ्यात %ई2%80%8डी. एकच अक्षर लिहायचे वेगवेगळे प्रकार एक करणारं युनिकोडडेटाचं नॉर्मलाइझ "एनएफसी" लावलंत तरी हे दोन एक होत नाहीत, नुक्त्यावाला र ऱ मध्ये बदलेल तेवढंच. तुलना करण्याआधी स्वतः बदलून घ्यावं लागतं:

क्रमांक = "\यू0930\यू094डी\यू200डी"
साफ = मजकूर.रिप्लेस(क्रमांक, "\यू0931\यू094डी")

यातलं यू लहान लिपीतलं टाइप करा, मोठं केलंत तर पायथॉन आठ अंक मागतो. आणि हे फक्त तुलनेच्या कॉलमसाठी करा, मूळ डिकोड केलेला मजकूर आहे तसाच राहू द्या, नाहीतर त्याची पुन्हा लिंक बनवली की ती त्या पानावर जायचीच नाही.